परीक्षेआधी डू, डज, डिड तेवढं पक्कं करा

नववी-दहावीच्या पोरांनो, आख्खं ग्रामर एका रात्रीत उलटत बसू नका, आधी डू-डज-डिड पक्कं करा, कारण प्रश्न, नकार, क्वेश्चन टॅग (वाक्याच्या शेवटी जोडलेला छोटा प्रश्न) सगळीकडे तेच येतं. ही, शी, इट किंवा एकाच माणसाचं नाव असलं की साध्या वर्तमानकाळात क्रियापदाला एस लागतो: माय फादर ग्रोज बनानाज. आता याचा प्रश्न केला की तो एस डू कडे जातो, डज होतं आणि क्रियापद परत साधं: डज युवर फादर ग्रो बनानाज? दोन्हीकडे एस लावला की चुकलं. कर्ताच हू असला तर मात्र डज नको, सरळ हू ग्रोज बनानाज? भूतकाळात पण तेच, वी वेन्ट टू भुसावळ, पण वी डिडन्ट गो, डिड आलं की वेन्ट नाही म्हणजे नाहीच! इज, कॅन, विल असेल तिथे डू लागतच नाही. टॅग वाक्याच्या उलटा: द ट्रेन स्टॉप्स ॲट चाळीसगाव, डझन्ट इट?

सरावाला गाईड कशाला, घरी कळण्याची भाकरी चालू असताना आईच्या कामाची चार-पाच वाक्यं करा, मग त्यांचे प्रश्न, मग नकार, आणि लिहूनच करा भो, तोंडी केलं की एस गिळला जातो.