तीन नंबरचा बॉल आणि रविवारची सकाळ

कोल्हापुरात फुटबॉलची आवड लावावी लागत नाही, ती पेठेच्या पाण्यातच असते. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस ही संघांची नावं इथल्या पोरांना शाळेत जाण्याआधी पाठ असतात. शाहू स्टेडियमवर मोठा सामना असला की अख्खी गल्ली तिकडं. मीही त्यातलाच. तालमीच्या संघात काही वर्षं गोलकीपर होतो, आता शिरोलीच्या एमआयडीसीत नोकरी करतो. सहा वर्षांपूर्वी आम्ही चौघा मित्रांनी पेठेतल्या ६ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी रविवारची लीग सुरू केली. खेळ आम्हाला येत होता, त्यामुळं लीगही चालवता येईल असं वाटलं. पण खेळता येणं वेगळं आणि साठ लहान मुलांची सकाळ सांभाळणं वेगळं. तुमच्या गावात, कॉलनीत असं काही सुरू करायचं मनात असेल तर आमच्या चुका आधीच ठाऊक असलेल्या बऱ्या.

पहिल्या रविवारी आम्ही मोठ्यांचाच खेळ लहान करून मांडला. अर्धं मैदान, सात विरुद्ध सात, पाच नंबरचा, म्हणजे मोठ्यांचा बॉल. सगळी पोरं बॉलच्या मागं, गुळाला मुंग्या लागाव्यात तशी. पिवळं बिब, म्हणजे संघ ओळखायला शर्टावर चढवायचं बिनबाह्यांचं जाकीट, घातलेला एक सात वर्षांचा मुलगा त्या घोळक्याच्या कडेकडेनं पळत होता. मी त्याच्यावरच नजर ठेवली. अर्ध्या तासात बॉल त्याला तीनदा लागला, त्यातला एक पाठीत. शिट्टी झाल्यावर तो माझ्याकडं आला आणि विचारलं, "काका, आमची मॅच कधी हाय?"

तो अर्धा तास मॅच खेळत होता आणि त्याला ते कळलंही नव्हतं. आमची लीग पुढं जशी बदलत गेली ती या एका प्रश्नामुळं. तेव्हापासून कुठलाही नियम करताना आम्ही एकच बघतो, की यानं पोराच्या पायाला बॉल जास्त वेळा लागणार की कमी.

म्हणून पहिलं काम म्हणजे माणसं कमी करा आणि मैदान लहान करा. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनं हे फार आधी ओळखलं. तिथं कित्येक वर्षं सात-आठ वर्षांखालची मुलं पाच विरुद्ध पाच खेळत आली, नऊ-दहाखालची सात विरुद्ध सात, त्यानंतर नऊ विरुद्ध नऊ, आणि अकराचा पूर्ण संघ थेट तेराखालच्या गटात. आपल्या अखिल भारतीय फुटबॉल महासंघानं २०१८ मध्ये सुरू केलेल्या गोल्डन बेबी लीगमागंही हाच विचार होता. लहान मैदान, कमी खेळाडू, मुलंमुली एकत्र.

पाच जणांच्या सामन्याला साधारण ३७ मीटर लांब आणि २७ मीटर रुंद जागा पुरते. म्हणजे एका मोठ्या मैदानात आरामात चार छोटी मैदानं बसतात आणि एकाच वेळी चाळीस मुलं खेळतात. एका संघात सातच मुलं घ्या. आम्ही दहा घ्यायचो आणि निम्मी पोरं कडेला बसून माती उकरत बसायची. बॉल आठ वर्षांखाली तीन नंबरचा, त्यापुढं बारापर्यंत चार नंबरचा. पाच नंबरचा बॉल ४१० ते ४५० ग्रॅमचा असतो, तीन नंबरचा त्याहून शंभरेक ग्रॅमनी हलका. सहा वर्षांच्या पायाला हा फरक फार मोठा असतो. जड बॉल मारून पाय दुखला की पोरगं पुढच्या वेळी अंग चोरतं, आणि आपण म्हणतो, पोरगं भित्रं आहे.

आणखी दोन नियम आमच्याकडं पक्के आहेत. दहा वर्षांपर्यंत कायमचा गोलकीपर नाही, प्रत्येकानं आळीपाळीनं उभं राहायचं. मी स्वतः गोलकीपर होतो म्हणून हे ठासून सांगतो. जाड किंवा हळू पळणाऱ्या मुलाला गोलात उभं करायची आपली सवय वाईट आहे. दुसरा नियम असा की गोलकिकच्या वेळी, म्हणजे गोलच्या बाजूनं बाहेर गेलेला बॉल आपला संघ परत आत मारतो तेव्हा, समोरच्या संघानं मध्यरेषेच्या मागं जायचं. नाहीतर गोलासमोर पाच जणं टपून बसतात आणि बॉल बाहेरच निघत नाही. हा नियम आल्यावर आमची लहान पोरं पहिल्यांदा एकमेकांना पास द्यायला लागली. हेडिंग, म्हणजे डोक्यानं बॉल मारणं, बाराखाली पूर्ण बंद ठेवलंय. अमेरिकेच्या संघटनेनं २०१५ च्या अखेरीस दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडिंगला मनाई केली, इंग्लंडनं २०२० मध्ये प्राथमिक शाळेच्या वयातल्या मुलांच्या सरावातून ते काढलं. "मग पोरं हेडर शिकणार कधी?" असं जुने खेळाडू विचारतात. तेराव्या वर्षी शिकतील, काही अडत नाही.

आता कोल्हापुरातली सगळ्यात अवघड गोष्ट, ती म्हणजे ईर्षा. इथं हा शब्द वाईट अर्थानं वापरत नाहीत. ईर्षेनं खेळला म्हणजे जीव ओतून खेळला. पण मोठ्यांची ईर्षा सहा वर्षांच्या पोराच्या खांद्यावर आली की ते वाकतं. पहिल्या वर्षी आम्ही गुणतक्ता ठेवला, फायनल ठेवली, दोन फूट उंच कप आणला. फायनल टायब्रेकरवर गेली. आठ वर्षांच्या मुलाचा फटका बाहेर गेला आणि रेषेवरून एका माणसानं त्याला त्याच्या बापाच्या नावानं ओरडून शिवी दिली. पोरगं तिथंच मैदानात बसलं. पुढच्या हंगामाला ते आलं नाही. त्याच्या घरी मी दोनदा जाऊन आलो, तरी आलं नाही. ती चूक आमची होती, कारण तो कप आम्ही आणला होता.

तेव्हापासून दहाखालच्या गटात गुणतक्ता नाही, फायनल नाही. सामन्याचा निकाल त्या दिवशी मुलांना माहीत असतोच, ती मोजतातच. पण तो कुठंही लिहून लावायचा नाही. पालक नाराज झाले. काही म्हणाले, मग खेळायचं कशाला? एका हंगामानंतर त्यांच्याच पोरांनी त्याचं उत्तर दिलं. पहिल्या वर्षी जानेवारीनंतर हरणारे संघ गळत गेले होते. तक्ता काढल्यावर गळती जवळपास थांबली. फेब्रुवारीत शिष्यवृत्तीच्या परीक्षेमुळं काही जणं दिसेनाशी होतात, ती परीक्षा झाली की परत येतात.

पालकांसाठी रेषेपासून तीन मीटरवर दुसरी फक्की मारा. सगळे पालक त्या रेषेच्या मागं आणि मैदानाच्या एकाच बाजूला. गोलच्या मागं कुणी नाही. टाळ्या वाजवा, नाव घेऊन ओरडा, पण "मार, सोड, इकडं दे" असल्या सूचना नकोत. कारण पोरगं बॉलकडं बघायचं सोडून बापाकडं बघतं. हे हंगामाच्या आधी बैठकीत तोंडावर सांगा. व्हॉट्सॲपवरचा मेसेज कुणी वाचत नाही. बैठकीला आई आणि वडील दोघांनाही बोलवा. आमच्या अनुभवात नियम पाळणाऱ्या आणि पाळायला लावणाऱ्या बहुतेक वेळा आयाच असतात.

प्रत्येक बैठकीत एक प्रश्न हमखास येतो, "आमचा पोरगा अनिकेत जाधवसारखा होईल काय?" कोल्हापूरचा अनिकेत २०१७ मध्ये आपल्या देशात झालेल्या १७ वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. तेव्हापासून इथल्या प्रत्येक बापाच्या डोळ्यांत ते स्वप्न आहे, आणि ते असावंच. मी इतकंच सांगतो की सहाव्या वर्षी कुणाचं काय होणार हे कुणालाच कळत नाही. बाराव्या वर्षापर्यंत पोरगं मैदानावर टिकलं तर पुढचं ओळखणारी माणसं भेटतील.

वयाच्या बाबतीत कडक राहा. जन्माचा दाखला बघितल्याशिवाय नाव घेऊ नका. आमच्या बापांच्या पिढीत मास्तरांनी निम्म्या वर्गाची जन्मतारीख १ जून लावली, पण आताच्या मुलांचे दाखले नीट असतात. फक्त दाखला बघून काम संपत नाही. एकाच वर्षी जानेवारीत आणि डिसेंबरात जन्मलेल्या पोरांत जवळपास वर्षाचं अंतर असतं, आणि सहाव्या वर्षी एक वर्ष म्हणजे आयुष्याचा सहावा हिस्सा. थोराड पोरगं उठून दिसतं, सगळे त्यालाच पास देतात, तेच पुढं जातं. आम्ही संघ पाडताना वर्षाच्या पहिल्या आणि दुसऱ्या सहामाहीतली मुलं प्रत्येक संघात सारखी वाटतो. गल्लीवार संघ तर अजिबात करत नाही. वेगवेगळ्या गल्ल्यांतली पोरं एका बिबमध्ये आली की त्यांचे बापही शेजारी उभे राहतात.

सुरक्षेवर काटकसर करू नका. गोलपोस्ट हे मैदानावरचं सगळ्यात धोक्याचं सामान आहे. दुसऱ्या वर्षी आम्ही वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी पाइपचे गोल करून घेतले, १२ फूट बाय ६ फूट. दिसायला झकास. पण मागची चौकट हलकी आणि जमिनीला काहीच बांधलेलं नाही. मधल्या सुट्टीत एक पोरगं वरच्या आडव्या पाइपला लोंबकळलं आणि अख्खा गोल पुढं झुकला. आमच्यातल्या एकानं धावत जाऊन तो खांद्यावर झेलला म्हणून वाचलो. त्या रात्री मला झोप लागली नाही. आता प्रत्येक गोलाच्या मागच्या पाइपवर वाळूची चार पोती असतात, दोन्ही टोकांना जमिनीत खुंट्या असतात आणि सामना सुरू होण्याआधी पंच गोल हातानं ओढून बघतो. सगळ्यात लहान गटाला पीव्हीसी पाइपचे हलके गोल दिलेत.

दुसरी घटना याहून वाईट होऊ शकली असती. एका रविवारी सामने संपल्यावर एक सहा वर्षांची मुलगी सापडेना. आई रडकुंडीला आलेली, आम्ही मैदानाच्या चारी बाजूंना पळतोय. वीस मिनिटांनी ती कोपऱ्यावरच्या मिसळीच्या दुकानात सापडली, आजोबांच्या शेजारी बसून पाव खात होती. आजोबांनी नात नेली, सांगितलं कुणालाच नाही. त्यांचं काही चुकलं नव्हतं. पोर कुणाच्या हातात द्यायचं हे आम्हीच ठरवलं नव्हतं. आता वहीत प्रत्येक मुलापुढं दोन नावं आणि दोन फोन नंबर असतात. त्यांपैकी कुणी आलं आणि सही केली की मगच मूल सोडायचं. आजोबा असले तरी सही. मुलांना बाथरूमला नेताना एकटा माणूस जात नाही, दोघं जातात. पालकांनी लेखी होकार दिल्याशिवाय मुलांचे फोटो कुठं टाकत नाही.

पंच म्हणून पंधरा-सोळा वर्षांची पोरं घ्या. लहान मुलं त्यांचं ऐकतात, आणि ती पोरंही जबाबदारी शिकतात. त्यांना सांगा, थ्रो-इन, म्हणजे कडेच्या रेषेवरून बॉल हातानं आत टाकणं, चुकला तर बॉल काढून घेऊ नका. पाय कुठं ठेवायचा ते दाखवा आणि परत टाकायला लावा. त्यांच्यावर कुणी पालक ओरडला तर सामना लगेच थांबवा, त्या माणसाशी तुम्ही जाऊन बोला. ते काम पोरावर सोडू नका.

मैदानाची परवानगी हा कंटाळवाणा भाग आहे, पण त्यावरच सगळं उभं राहतं. अर्ज गणपतीनंतर लगेच द्या, दिवाळीनंतर देऊ नका. दिवाळीनंतर मोठ्यांचा हंगाम, शाळांची संमेलनं, प्रदर्शनं सगळं एकदमच येतं. पोचपावती घ्या आणि तिची झेरॉक्स मैदानावर खिशात ठेवा. आम्ही नोव्हेंबरच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत खेळतो, सकाळी सातला सुरुवात आणि साडेनऊला मैदान रिकामं. मार्चमध्ये नऊनंतरचं ऊन लहान पोराला सोसत नाही, आणि तहान लागली हे ते सांगतही नाही. म्हणून दर दहा मिनिटांनी सगळ्यांनी पाणी प्यायचं, तहान असो नसो. खर्च फार नाही. बॉल, बिब, फक्की, वाळू, प्रथमोपचाराची पेटी आणि केळी. वर्गणी ठेवा, पण ज्याला जमत नाही त्याचं नाव वहीत तसंच लिहा, समोर काही खूण करू नका. वही कुणाच्याही हातात पडते.

हजेरी मात्र नीट ठेवा. सलग दोन रविवार मूल आलं नाही तर तिसऱ्याच्या आधी घरी फोन करा. चौथ्या वर्षी असाच एक मुलगा येईना. फोनवर आई म्हणाली, अभ्यास आहे. मी संध्याकाळी घरी गेलो. दारात त्याचे कॅनव्हासचे बूट होते. उजव्याचा तळ पुढून उघडा पडलेला, आत पुठ्ठा घातलेला. पायाला बोचतं म्हणून तो खेळायला येत नव्हता, आणि बूट घेऊन द्या म्हणायचं नाही एवढं त्याला कळत होतं.

पुढच्या रविवारी आम्ही मैदानाच्या कडेला एक पत्र्याची पेटी ठेवली. लहान झालेले बूट त्यात टाका, मापाचे असतील ते घेऊन जा, कुणाला विचारायचं नाही, कुठं लिहायचं नाही. पहिल्यांदा बूट टाकले ते पेठेतल्या एका डॉक्टरांच्या मुलानं, आणि त्यानंच त्याच पेटीतून स्वतःच्या मापाचा दुसरा जोडही उचलला. त्यानंतर कुणाला संकोच राहिला नाही. परवा पेटी उघडून बघितली तर बारा जोड होते, पण लहान मुलांच्या मापातला ११ नंबरचा एकही नव्हता. सगळ्यात लहान पोरांना तोच लागतो.