सरकारी चाचणीचे आकडे आले की आधी काय बघायचं

"मुलांचं गणित घसरलं" अशी बातमी आली रे आली की लोक शाळांच्या नावाने खडे फोडायला लागतात, पण जरा थांबा, आकड्याकडे जायच्या आधी ही चाचणी नेमकं कुणाला मोजायला काढली होती ते शोधा, एकेका मुलाला, शाळेला की अख्ख्या व्यवस्थेला, कारण निम्मा घोळ इथेच होतो.

पिसाचंच घ्या, म्हणजे देशोदेशीच्या मुलांचं वाचन, गणित आणि विज्ञान तपासणारी आंतरराष्ट्रीय चाचणी. ओईसीडी, म्हणजे बहुतेक श्रीमंत देशांची संघटना, ही चाचणी २००० पासून घेतंय, १५ वर्षांच्या मुलांची, साधारण दोन तासांची. सगळी मुलं बसत नाहीत, आधी शाळांचं सँपल काढतात आणि मग त्यातली मुलं निवडतात. गंमत म्हणजे बसलेल्या मुलालाही सगळे प्रश्न येत नाहीत, प्रश्नांचा साठा भलामोठा असतो, त्यातला वेगवेगळा तुकडा वेगवेगळ्या मुलांना जातो आणि मग सगळं एकत्र करून देशाचा अंदाज काढतात. त्यामुळे "माझ्या मुलीला पिसात किती?" याला उत्तरच नाही. अमेरिकेतली नेप, म्हणजे तिथली देशपातळीवरची शालेय चाचणी, पण याच जातीची, १९६९ पासूनची. ऑस्ट्रेलियाची नॅपलान ही देशभरातली चाचणी मात्र वेगळी, २००८ पासून तिथे तिसरी, पाचवी, सातवी आणि नववीच्या सगळ्याच मुलांना बसवतात आणि रिपोर्ट घरी येतो.

दुसरं, स्कोअरला टक्के समजू नका. पिसाची पट्टी सुरुवातीला अशी बसवली की ओईसीडी देशांची सरासरी ५०० यावी. २०२२ ला गणितात ती ४७२ आली, २०१८ पेक्षा जवळपास १५ ने कमी, पण म्हणजे मुलांना ४७ टक्के पडले असं अजिबात नाही. पेपर बदलतो मग तुलना कशी करतात? तर काही प्रश्न बाहेर फुटू न देता पुढच्या वेळी तेच परत घालतात आणि त्यावरून जुनी-नवी पट्टी जुळवतात.

रँकचं फार मनावर घेऊ नका. सँपल आहे म्हटल्यावर चूकभूल आलीच, दोनतीन पॉइंटच्या फरकाने वर-खाली असलेले देश खरंतर एकाच पायरीवर असू शकतात. किती मुलं वगळली, किती गैरहजर होती हे रिपोर्टच्या मागच्या पानांत असतं, तेही बघाच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, निकालावर कुणाचं काय अडकलंय? अमेरिकेत २००२ च्या नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड कायद्याने तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन-गणिताची परीक्षा आली, टार्गेट चुकलं की शाळेवर कारवाई, मग काय, बऱ्याच ठिकाणी वेळ जायला लागला तो पास-नापासच्या काठावरच्या मुलांवर, आणि जी खूप मागे होती ती मागेच. म्हणून अशा परीक्षेचे मार्क वाढलेले दिसले की शेजारी नेपसारख्या, म्हणजे ज्यावर कुणाचीच नोकरी टांगलेली नाही अशा सँपल चाचणीचा त्याच वर्षांचा ट्रेंड ठेवून बघा, तिथे आकडा जागचा हलला नसेल तर वाढ मुलांच्या गणितात झालीय की पेपर सोडवायच्या सरावात, हे विचारायला हवं.