क्युरासाओला जहाज रात्रीपर्यंत थांबणार आहे? या चुका टाळा

कॅरिबियन क्रूझवर बहुतेक बेटांना जहाज सकाळी लागतं आणि चार-पाच वाजता सुटतं. क्युरासाओला मात्र काही जहाजं रात्री नऊ-दहापर्यंत थांबतात. वेळापत्रकात तो लांबलचक दिवस दिसला की माणूस हरखतो आणि किनारा, गुहा, म्युझियम, खरेदी सगळं एकाच दिवसात कोंबतो. पहिल्या खेपेला आम्ही तेच केलं. सोबत सत्तरीतले आई-बाबा आणि नऊ वर्षांची लेक. दुपारी दोन वाजता आई एका बंद दुकानाच्या पायरीवर टेकली आणि म्हणाली, "तुम्ही जाऊन या रे, मी इथेच बसते." तिचा चेहरा लाल झाला होता आणि बाटलीतलं पाणी कधीच संपलं होतं. पुढच्या वर्षी पुन्हा त्याच बेटावर गेलो, तेव्हा दिवस वेगळ्या पद्धतीने आखला. त्या दोन खेपांतून जे कळलं ते सांगते.

दुपार हिशेबात धरणं

ही सगळ्यात मोठी चूक. क्युरासाओ विषुववृत्ताच्या जेमतेम 12 अंश उत्तरेला आहे, त्यामुळे ऊन अगदी डोक्यावर येतं. फसवतो तो वारा. पूर्वेकडून तो जवळजवळ वर्षभर वाहतो. तिथली दिवी-दिवीची झाडं त्या वाऱ्याने एकाच बाजूला पार झुकलेली दिसतील. घाम अंगावर टिकत नाही, म्हणून ऊन लागतंय हे कळतच नाही. कळतं तेव्हा खांदे भाजलेले असतात आणि डोकं ठणकत असतं.

म्हणून अकरा ते साडेतीन हा वेळ सरळ वजा करा. उरतात दोन तुकडे, सकाळचा आणि संध्याकाळचा. मधल्या वेळात जहाजावर परत या. "पैसे भरून आलोय आणि दुपारी केबिनमध्ये झोपायचं?" असं घरातलं कुणीतरी म्हणणारच. पण जेवण आधीच भरलेल्या पैशांत आहे, एसी आहे, आंघोळ होते आणि म्हातारी माणसं तासभर आडवी होतात. मोठी जहाजं राजधानी विलेमस्टाडला लागूनच, शहराच्या ओत्रोबांदा भागातल्या धक्क्याला लागतात. चालत दहा-पंधरा मिनिटांत शहराच्या मध्यावर पोचता येतं. मग परत येण्यात नुकसान कसलं?

संध्याकाळी शहर पाहण्याचा आणखी एक फायदा आहे. हांडेल्सकाडे या खाडीकाठच्या रस्त्यावरची ती प्रसिद्ध रंगीत घरं पश्चिमेकडे तोंड करून उभी आहेत. सकाळी त्यांच्या पुढच्या भिंती सावलीत असतात. चारनंतर ऊन समोरून पडतं आणि पिवळा, निळा, गुलाबी असे सगळे रंग खुलतात. विलेमस्टाडचा हा जुना भाग 1997 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, आणि तो का आहे हे त्या उन्हात समजतं.

एक अडचण मात्र आहे. दुकानं साधारण सहाच्या सुमारास बंद होतात. 1732 सालचं ज्यू प्रार्थनामंदिर, ज्याच्या फरशीवर वाळू पसरलेली असते, तेही संध्याकाळी उघडं मिळत नाही आणि शनिवारी पर्यटकांसाठी बंद असतं. प्लासा बिएऊ या जुन्या बाजारातलं जेवण फक्त दुपारचं. ज्यांना हे सगळं बघायचंच आहे त्यांनी सकाळ शहराला द्यावी आणि किनारा सोडावा. दोन्ही हवं म्हणून धावलात की एकही नीट होत नाही.

पूल गृहीत धरणं

शहराचे दोन भाग, पुंडा आणि ओत्रोबांदा, यांच्या मधून जहाजांची खाडी जाते. तिच्यावर 1888 साली बांधलेला राणी एमाचा पूल आहे. तो 16 तराफ्यांवर तरंगतो आणि बोट आली की दारासारखा सगळाच्या सगळा एका बाजूला फिरतो. म्हणजे तुम्ही पुंडात, जहाज ओत्रोबांदात आणि मध्ये पूलच नाही, असं कधीही होऊ शकतं. पुलावर नारिंगी झेंडा असेल तर थोडा वेळ थांबावं लागेल, निळा असेल तर बराच. घाबरायचं कारण नाही. पूल असा बाजूला फिरलेला असताना फेरीबोट सुरू होते आणि ती फुकट असते. काठावर नुसते उभे राहू नका, तिच्या धक्क्याकडे चालू लागा.

दुसऱ्या खेपेला आम्ही मधोमध असतानाच घंटा वाजली आणि दोन्ही टोकांची फाटकं लागली. पायाखाली इंजिनाची थरथर जाणवली आणि समोरची रंगीत घरं हळूहळू बाजूला सरकू लागली. आईने कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. एक टगबोट इतक्या जवळून गेली की तिच्यावरच्या माणसाने लेकीला हात केला. पुलावर अडकलात तर तिथेच निवांत उभे राहा, धोका काही नाही. फक्त ही वीस-तीस मिनिटं परतीच्या हिशेबात आधीच धरलेली असू द्या.

कोणतं घड्याळ खरं?

क्युरासाओची वेळ वर्षभर एकच, भारतापेक्षा साडेनऊ तास मागे. बरीच क्रूझ जहाजं जिथून निघतात त्या मायामीचं घड्याळ मात्र उन्हाळ्यात तासभर पुढे जातं. म्हणून उन्हाळ्यात दोन्हीकडे एकच वेळ असते आणि हिवाळ्यात मायामी तासभर मागे असते. हिवाळ्यात मायामीहून निघालेलं जहाज वाटेत आपली घड्याळं पुढे करतं किंवा करत नाही. केली असतील आणि तुमच्या मनगटावर मायामीचीच वेळ असेल, तर तुम्ही सात समजता तेव्हा आठ वाजलेले असतात. केली नसतील, तर फोन बेटाची वेळ दाखवतो आणि टॅक्सीवाल्याचे नऊ म्हणजे जहाजावरचे आठ. आमची एक टॅक्सी अशीच हुकली.

उपाय सोपा. उतरताना दारावरच्या कर्मचाऱ्याला जहाजाची वेळ विचारा, मनगटी घड्याळ तिला लावा आणि दिवसभर तेच बघा. टॅक्सी ठरवताना "बेटाची वेळ ना?" एवढं विचारून घ्या. आणि लक्षात ठेवा, सुटण्याची वेळ ही परतण्याची वेळ नसते. सगळ्यांनी चढायची वेळ बहुतेकदा अर्धा तास आधीची असते.

किनाऱ्याला जाताना

सुंदर किनारे पश्चिम टोकाकडे आहेत. ग्रोते क्निप त्यातला सगळ्यांत देखणा, पण शहरापासून पाऊण-एक तास. सकाळी जहाज लागल्या लागल्या निघा, नाहीतर सावलीच्या झोपड्या आधीच भरलेल्या असतात. टॅक्सीला मीटर नसतो, त्यामुळे जाण्या-येण्याचे मिळून भाडं आधी ठरवा आणि परतीची वेळ पक्की करा. तिथे रस्त्यावर उभं राहून टॅक्सी मिळेल ही आशा धरू नका. बस आहे, पण तासन् तास अंतराने, तेव्हा जहाज पकडायचं असताना तिच्यावर विसंबू नका. गाडी भाड्याने घेतलीत तर रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची, आणि किनाऱ्यावर उभी केल्यावर आत पिशवीसुद्धा ठेवायची नाही. काचा फोडून चोऱ्या होतात.

मुलं सोबत असतील तर एक झाड ओळखून ठेवा. मँचिनील. फळ छोट्या हिरव्या सफरचंदासारखं दिसतं आणि अत्यंत विषारी असतं. चीक अंगाला लागला तर फोड येतात. पाऊस आला तरी त्याच्याखाली उभं राहायचं नाही, कारण पानांवरून ओघळणारं पाणीही त्वचा भाजतं. उत्तर किनाऱ्यावर लाटा बघायला जरूर जा, पण पाण्यात पाय घालू नका.

पैसे, पाणी, जेवण

2025 पासून तिथे कॅरिबियन गिल्डर हे नवं चलन आहे. एका डॉलरला 1.79 हा दर ठरलेला. डॉलर सगळीकडे चालतात, सुट्टे मात्र गिल्डरमध्ये परत मिळतात, म्हणून लहान नोटा जवळ ठेवा. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका. नळाचं पाणी समुद्राचंच, गोडं केलेलं, आणि पिण्यालायक आहे. रिकामी बाटली न्या.

शाकाहारी मंडळींनी फुंची मागावी. मक्याच्या पिठाची ती घट्ट उकडच आहे. हियाम्बो मात्र भेंडीचं सूप म्हणून मागवू नका, त्यात मासे आणि खारवलेलं मांस असतं. पुंडात सिंधी व्यापाऱ्यांची जुनी दुकानं आहेत. हिंदीत बोललात तर जवळपास शाकाहारी कुठे मिळेल तेही सांगतील.

जहाज चुकलंच तर

जहाजाकडून घेतलेली सहल उशिरा परतली तर जहाज थांबतं. स्वतः ठरवून गेलात तर थांबत नाही. म्हणून उतरण्याआधी रोजच्या कार्यक्रमपत्रिकेतल्या बंदर एजंटच्या, म्हणजे जहाज कंपनीच्या बंदरावरच्या प्रतिनिधीच्या, नंबरचा फोटो काढा आणि तो कागदावरही लिहून घ्या, कारण फोनची बॅटरी अशाच वेळी संपते. पासपोर्टच्या पहिल्या पानाची आणि अमेरिकेच्या व्हिसाची झेरॉक्स प्रत्येकाच्या खिशात वेगवेगळी ठेवा. बहुतेक जहाजांवर अशा वेळी कर्मचारी केबिनची तिजोरी उघडून पासपोर्ट एजंटकडे सोपवून जातात. मूळ पासपोर्ट तिजोरीतच हवा, सूटकेसच्या तळाशी कपड्यांच्या घडीत नको. आई-बाबांचे पासपोर्ट आम्हाला तिथेच सापडले होते.