संरक्षण आदेश मोडला गेल्यास तक्रार कशी करावी

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ च्या कलम १८ खालील संरक्षण आदेश किंवा अंतरिम संरक्षण आदेश गैरअर्जदाराने (ज्याच्याविरुद्ध तो आदेश आहे त्याने) मोडला, तर कलम ३१ नुसार तो स्वतंत्र गुन्हा ठरतो. त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद, २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कलम ३२ नुसार हा गुन्हा दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) आणि अजामीनपात्र (जामीन हक्काने मिळत नाही असा) आहे, आणि केवळ पीडित महिलेच्या साक्षीवरूनही न्यायालय तो घडल्याचा निष्कर्ष काढू शकते.

सर्वप्रथम आदेशाची प्रत काढून न्यायालयाने नेमकी कशाला मनाई केली आहे, हे शब्दशः वाचावे. ही प्रत न्यायालयाकडून विनामूल्य मिळते. संपर्क साधण्यास मनाई असताना रात्री मित्राच्या मोबाइलवरून त्याने ‘केस मागे घे’ असा संदेश पाठवला, तर मारहाण झालेली नसली तरी आदेशाचा भंग झालेला असतो. असा संदेश पुसू नये. त्याचा स्क्रीनशॉट काढावाच, पण मूळ फोनही जपून ठेवावा. तारीख, वेळ, ठिकाण आणि तेथे कोण हजर होते, हे त्याच दिवशी लिहून ठेवावे.

जिवाला धोका असल्यास आधी ११२ वर फोन करावा. त्यानंतर आदेशाची प्रत घेऊन पोलीस ठाण्यात लेखी फिर्याद द्यावी आणि तीत कलम ३१ चा स्पष्ट उल्लेख करावा. ‘घरातलं भांडण आहे’ असे म्हणत केवळ एनसी नोंदवून परत पाठवण्याचा प्रयत्न होऊ शकतो. तो मुळीच मान्य करू नये, कारण एनसी ही अदखलपात्र गुन्ह्याची नोंद असते आणि येथे कायद्यानेच गुन्हा दखलपात्र ठरवला आहे. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्यावी. ठाण्यात नकार मिळाल्यास पोलीस अधीक्षकांना लेखी कळवावे. आदेश देणाऱ्या दंडाधिकाऱ्यांकडे थेट किंवा संरक्षण अधिकाऱ्यामार्फतही (या कायद्याखाली शासनाने नेमलेला अधिकारी) तक्रार करता येते. भंगाच्या वेळी मदत मागितल्यास पोलिसांच्या साहाय्याने सुटका करणे हे संरक्षण अधिकाऱ्याचे कर्तव्यच आहे. वकिलाचा खर्च परवडत नाही म्हणून थांबण्याचे कारण नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना उत्पन्नाची अट न लावता वकील मिळतो.

खटला शक्यतो आदेश देणाऱ्या दंडाधिकाऱ्यांपुढेच चालतो. आरोप निश्चित करताना तथ्यांवरून दिसत असल्यास पती वा सासरच्यांकडून झालेल्या क्रूरतेचा, म्हणजे पूर्वीच्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४९८-अ चा (१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ८५), तसेच हुंडा प्रतिबंधक कायद्याखालील आरोपही ठेवता येतो. केवळ पोटगी थकली असेल, तर मात्र वसुलीचा वेगळा अर्ज करावा. कलम २०(६) नुसार न्यायालय पतीच्या मालकाला पगारातून रक्कम थेट देण्यास सांगू शकते.

मधल्या काळात दोघांत बोलणे झाले किंवा तडजोडीची बैठक झाली, म्हणून आदेश आपोआप संपत नाही. तो रद्द करून घ्यायचा तर न्यायालयात अर्ज करावा लागतो. मात्र कलम ३१ च्या गुन्ह्याला मुदतीचे बंधन आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये कामाक्षी विरुद्ध लक्ष्मी नारायणन या निकालात स्पष्ट केले. भंग झाल्यापासून एक वर्षाच्या आत तक्रार दाखल व्हायला हवी, म्हणून समेटाच्या आश्वासनावर ती लांबणीवर टाकू नये.