ऑटोलिस्प शिकताना: तिरप्या रेघेनंतरची नावं

ऑटोकॅडवर ड्राफ्टिंग करणाऱ्या प्रत्येक नव्या मुलामुलीनं ऑटोलिस्प, म्हणजे ऑटोकॅडमध्ये स्वतःच्या कमांड लिहायची भाषा, शिकावं, असं मला मनापासून वाटतं. २०२४ च्या आवृत्तीपासून ते ऑटोकॅड एलटी या ऑटोकॅडच्या स्वस्त, कमी सोयींच्या रूपातही चालतं. फक्त व्हेरिएबलचं, म्हणजे किंमत साठवणाऱ्या नावांचं, प्रकरण पहिल्याच आठवड्यात नीट समजून घ्या. माझे त्यात दोन दिवस गेले.

खोल्यांच्या बंद पॉलिलाइन निवडायच्या आणि क्षेत्रफळांची बेरीज करायची, एवढीच माझी कमांड. बेरजेसाठी 'टोटल' हे नाव घेतलं, सुरुवातीची किंमत दिली नाही. ऑटोलिस्पमध्ये किंमत न दिलेलं नाव निल असतं, आणि निल म्हणजे 'काहीच नाही', शून्य नव्हे. त्यात आकडा मिळवायला गेलं की 'बॅड आर्ग्युमेंट टाइप: नंबरपी: निल' ही एरर येते, म्हणजे आकडा हवा होता, निल मिळालं. मलाही आली. मग मी वर एक ओळ टाकली: टोटल निल असेल तर त्यात ०.० ठेव. उत्तर आलं ५२.४०, कॅल्क्युलेटरशी जुळलं. त्याच खोल्यांवर कमांड पुन्हा चालवली, तर १०४.८०! फाइल बंद करून उघडली की परत ५२.४०.

ऑफिसमधल्या एका सीनिअर ताईंनी मला कमांड लाइनवर उद्गारचिन्ह आणि त्याला लागून टोटल टाइप करायला सांगितलं. ५२.४ समोर आलं. कमांड संपली होती, पण किंमत त्या ड्रॉइंगमध्ये तशीच पडून होती; टोटल निल नसल्यानं पुढच्या वेळी ०.० ठेवलंच जात नव्हतं. प्रत्येक ड्रॉइंगची व्हेरिएबल वेगळी असतात आणि ते बंद झालं की जातात, म्हणून फाइल नव्यानं उघडल्यावर सगळं बरोबर दिसायचं.

ताईंनी डीफनच्या, म्हणजे जिथून फंक्शन (इथे माझी कमांड) सुरू होतं त्या ओळीच्या, रिकाम्या कंसात तिरपी रेघ दिली, एक स्पेस सोडली आणि टोटल लिहिलं. रेघेनंतरची नावं त्या फंक्शनपुरती असतात आणि दर वेळी निलपासून सुरू होतात. किंमत तिथे देता येत नाही, ती आत सेटक्यूनं, म्हणजे नावात किंमत ठेवणाऱ्या सूचनेनं, द्यायची. मी 'निल असेल तर' काढून सरळ ०.० ठेवलं.

कोड लिहीत असताना नावं रेघेनंतर टाकायची घाई मी अजूनही करत नाही, कारण मग उद्गारचिन्हानं किंमत तपासता येत नाही. कमांड पक्की झाली की एकेक सेटक्यू शोधून रेघेनंतरची यादी भरते. लूपच्या फेऱ्या मोजणारा काउंटर यादीत टाकायचा हमखास राहतो.

कॉमन लिस्प या त्याच कुळातल्या भाषेत किंमत न दिलेलं नाव वाचलं तर एरर येते. ऑटोलिस्प गुपचूप निल देतं, नाव चुकीचं टाइप झालं असलं तरीही. त्यामुळे नंबरपी निल दिसलं की मी आधी स्पेलिंग बघते.