‘ऑल सेट’ म्हणताना या चुका टाळा

तयारी पूर्ण झाली, आता फक्त सुरुवात करायची, हे सांगायला इंग्रजीत ‘ऑल सेट’ हे दोन शब्द पुरतात. आपण मराठीतही दिवसभर ‘सगळं सेट आहे’ म्हणतो. म्हणूनच इंग्रजी बोलताना मराठी वाक्याचा साचा नकळत तसाच उतरतो.

पहिली अडचण ‘ऑल’ची. इथे त्याचा अर्थ ‘सगळे’ नसून ‘पूर्णपणे’ असा आहे. त्यामुळे एकट्या माणसानेही ‘आय ॲम ऑल सेट’ असंच म्हणायचं. ‘माय ऑल इज सेट’ हे इंग्रजी नव्हे. ‘सेटेड’ही नको, कारण ‘सेट’चं भूतकाळी रूप ‘सेट’च राहतं. पुढे नाम आलं तर ‘फॉर’ लावा: ‘ऑल सेट फॉर द इंटरव्ह्यू’. क्रियापद आलं तर ‘टू’ आणि मूळ रूप: ‘ऑल सेट टू स्टार्ट’. ‘टू स्टार्टिंग’ चुकीचं. नामाच्या आधी विशेषण म्हणूनही ते बसत नाही. ‘ऑल सेट टीम’ म्हणू नका, तिथे ‘वेल-प्रिपेअर्ड टीम’ म्हणा.

याहून फसवी चूक व्याकरणाची नाही, अर्थाची आहे. मराठीत ‘तयार’ हा शब्द दोन कामं करतो. ‘मी निघायला तयार आहे’ यात सज्जता आहे, तर ‘मी कमी पगारावर यायला तयार आहे’ यात राजी असणं. ‘ऑल सेट’ फक्त पहिलं काम करतं. पगाराच्या बोलणीत ‘आय ॲम ऑल सेट टू जॉइन ॲट अ लोअर सॅलरी’ म्हटलंत, तर समोरच्याला वाटेल की सगळं ठरलंच आहे, आणि घासाघीस करायची तुमची जागा तिथेच संपेल. अशा वेळी ‘विलिंग टू’ म्हणा. ‘प्रिपेअर्ड टू’सुद्धा चालतं, गंमत म्हणजे त्याच्यात आपल्या ‘तयार’सारखे दोन्ही अर्थ आहेत.

बातम्यांच्या मथळ्यांमुळेही गोंधळ होतो. नुसतं ‘सेट टू’ म्हणजे ‘होणार आहे’, ‘होण्याची चिन्हं आहेत’. म्हणून ‘प्राइसेस आर सेट टू राइज’ बरोबर. त्यात ‘ऑल’ घातलं की कुणीतरी कंबर कसून तयारी केली, असा सूर लागतो. भाव काही कंबर कसत नाहीत.

अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला जाणाऱ्यांनी आणखी एक वापर आधीच माहीत करून घ्यावा. तिथे, विशेषतः बॉस्टनच्या आसपास, ‘ऑल सेट’ म्हणजे ‘झालं, आणखी काही नको’. खाणं आटोपत आल्यावर वेटर ‘आर यू ऑल सेट?’ विचारतो. तुम्हाला अजून काही मागवायचं असेल आणि ‘येस, ऑल सेट’ म्हणालात, तर बहुधा बिलच येईल. पाणी हवं असेल तर सरळ ‘कुड आय गेट सम वॉटर, प्लीज?’ म्हणा. दुकानात पैसे दिल्यावर ‘यू आर ऑल सेट’ ऐकू आलं, तर तुमचं काम झालं, निघायला हरकत नाही. कुणी कॉफी पुढे केली आणि नको असेल, तर ‘आय ॲम ऑल सेट, थँक यू’ हा सभ्य नकार आहे. ‘थँक यू’ मात्र गाळू नका, नाहीतर तेच वाक्य तुटक वाटतं.