जुन्या कौटुंबिक बाललैंगिक अत्याचाराची शिक्षा कशी ठरते: इंग्लंड आणि वेल्स

सुरुवात गुन्ह्याच्या तारखेपासून करा. न्यायाधीश आजच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार आरोपीचा दोष आणि पीडिताची हानी तोलतात, पण कमाल मर्यादा मात्र त्या काळच्या कायद्याची. लोक इथेच अडखळतात. १९७५ मध्ये १४ वर्षांच्या मुलीवरील, बलात्कार नसलेल्या लैंगिक हल्ल्याला ('इंडिसेंट असॉल्ट') कमाल २ वर्षे होती, मुलावरील हल्ल्याला १०. मुलींसाठीही १० वर्षे झाली ती १६ सप्टेंबर १९८५ पासून. हा अन्याय आजही निकालात उतरतो. म्हणून आरोपपत्रातले प्रत्येक कलम, तारीख आणि मुलाचे तेव्हाचे वय पडताळा. बलात्काराला तेव्हाही जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती.

वडील, काका, सावत्र बाप असेल तर विश्वासघातामुळे गुन्हा अधिक गंभीर ठरतो. 'इतकी वर्षे झाली' एवढ्यानेच सूट मिळत नाही. गप्प बसवण्यासाठी धमकावले असेल तर उलट शिक्षा वाढते. मधल्या काळातले स्वच्छ वर्तन मोजतात, पण गुन्हा जितका गंभीर तितके त्याचे वजन कमी. गुन्ह्याच्या वेळी आरोपी स्वतःच अल्पवयीन असेल, तर शिक्षा बरीच कमी होऊ शकते.

पहिल्याच संधीला कबुली दिली तर एक तृतीयांश सूट, खटल्याच्या पहिल्या दिवशी जास्तीत जास्त एक दशांश.

पीडिताने न्यायालयासाठीच्या आपल्या निवेदनात झोप, नोकरी, नाती यांवरचा परिणाम ठोसपणे लिहावा.